एका रंगाचं चित्र: पारख आणि राखण

वासुदेव संतू गायतोंडे यांचं उत्तरकाळातलं चित्र समोरून कितीही वेळ पाहिलं तरी चित्रकाराचं नाव त्यात सापडत नाही. एकाच रंगाच्या छटांनी भरलेला उभा कॅनव्हास आणि त्यात कुठेतरी तरंगणाऱ्या, अक्षरांसारख्या वाटणाऱ्या पण न वाचता येणाऱ्या काही खुणा, एवढंच दिसतं. नाव वाचायचं तर चित्र भिंतीवरून उतरवून उलटं करावं लागतं. मागच्या उघड्या कापडावर सही असते. पुष्कळ चित्रांवर ती देवनागरीत आहे, आणि जोडीला इंग्रजीत नाव आणि साल.

जाणकार पारखी म्हणूनच चित्राची पाठ आधी पाहतो. एकरंगी अमूर्त चित्रात ओळखीच्या खुणा फार थोड्या. माणसं नाहीत, झाडं नाहीत, कथा नाही. जे काही आहे ते दोन ठिकाणी साठवलेलं असतं: पुढे रंगाच्या पातळ त्वचेत आणि मागे कापड, चौकट, चिठ्ठ्या व सही यांत. चित्राचं मोल या दोन जागांवर ठरतं आणि त्याचं आयुष्यही. या दोन्ही जागांचं नुकसान बहुतेक वेळा घरातच होतं. चोर-दरोडेखोर लागत नाहीत. ओलं फडकं आणि पावसाळ्यात पाझरणारी भिंत पुरतात.

वसई-विरारमध्ये बसून हे लिहिण्याला कारण आहे. मुंबईत नोकरी आणि इकडे घर, हा इथल्या दोन-तीन पिढ्यांचा शिरस्ता. अशा घरांत कुणी चित्रकार मित्राने भेट दिलेलं, कुणी जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनातून पोटाला चिमटा काढून घेतलेलं एखादं चित्र असू शकतं. समजा, वडिलांच्या पश्चात माळ्यावरून असाच एक कॅनव्हास खाली आला. सगळा राखाडी. पुढे काही ‘काढलेलं’ नाही, मागे पुसट अक्षरं आहेत. आता काय करायचं? हा लेख त्या घरासाठी आहे.

एक रंग म्हणजे सपाट रंग नव्हे

एकाच रंगात चित्र करण्याचा विचार दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा. १९१८ मध्ये रशियात काझिमिर मालेविचने पांढऱ्यावर किंचित कललेला पांढरा चौकोन रंगवला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र जगाच्या अनेक कोपऱ्यांत एकाच वेळी चित्रकार या वाटेने निघाले. पॅरिसमध्ये इव्ह क्लाइनने निळ्या रंगाची भुकटी तिचा तजेला न मारणाऱ्या राळेत बांधून संपूर्ण निळे फलक केले. न्यूयॉर्कमध्ये अॅड राइनहार्टने आयुष्याची शेवटची वर्षं पाच फूट बाय पाच फुटांच्या काळ्या चित्रांना दिली. ती पहिल्या नजरेला निव्वळ काळी दिसतात. दोन-चार मिनिटं डोळा स्थिरावला की लालसर, निळसर, हिरवट काळ्याचे नऊ चौकोन हळूहळू वर येतात.

आपल्याकडे हा प्रवास गायतोंड्यांनी केला. मूळ घराणं गोव्याचं, जन्म १९२४ मध्ये नागपूरचा, वाढले गिरगावच्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी १९४८ मध्ये घेतली. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत आकृत्या होत्या, पॉल क्लेचा प्रभाव होता. १९५० च्या दशकाच्या शेवटी आकृत्या मावळल्या. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची काम करण्याची जागा होती. झेन विचार, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि खेतवाडीतल्या छोट्या खोलीत मराठीतून निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज यांची ओढ त्यांना होती. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७२ मध्ये दिल्लीत निजामुद्दीनला राहायला गेले. आपल्या चित्रांना ‘अॅब्स्ट्रॅक्ट’ म्हटलेलं त्यांना रुचत नसे. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द ते पसंत करत. कुठल्या तरी वस्तूचं सार काढून ती चित्रं झालेली नाहीत, असा त्यामागचा आग्रह.

त्यांची पद्धत समजून घेतली की चित्राचं मोल कशात आहे ते कळतं. कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ ही त्यांची हत्यारं. पातळ रंगाचा थर द्यायचा, तो खरवडायचा, पुन्हा द्यायचा. ओल्या रंगावर फाडलेल्या वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे तुकडे ठेवायचे आणि दाब देऊन उचलायचे, म्हणजे कागदाबरोबर रंग निघून येतो आणि खालचा थर दिसू लागतो. रंग लावणं आणि रंग उचलणं अशा दोन्ही क्रियांनी ते चित्र घडतं. खालच्या थरातला प्रकाश वरच्या थरातून झिरपतो, म्हणून पिवळा कॅनव्हास आतून उजळल्यासारखा दिसतो. काही भाग चकाकतो, काही मऊ, निस्तेज राहतो. वर्षाला पाच-सहाच चित्रं होत. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास थांबले. २००१ मध्ये ते गेले. एकूण चित्रं थोडी, आणि प्रत्येकाची सगळी करामत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पृष्ठभागात.

सपाट रंगवलेली भिंत आणि असं चित्र यांतला फरक घरच्या घरी पाहता येतो. खोलीत अंधार करा, टॉर्च चित्राच्या एका बाजूला, पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर धरा आणि प्रकाश तिरका सोडा. भिंतीवर ब्रशच्या किंवा रोलरच्या एकसारख्या रेघा दिसतील. चित्रावर मात्र डोंगराळ मुलखाचा नकाशा उघडतो: कुठे रंगाची कड, कुठे खरवडलेली खाच, कुठे उचललेल्या कागदाची फाटकी किनार. संवर्धक आणि पारखी दोघंही चित्राच्या पुढच्या बाजूची तपासणी याच तिरक्या उजेडाने सुरू करतात.

पारख कशी होते

पहिला प्रश्न, चित्र कुणाचं? सही हे उत्तर नसतं, उत्तराची सुरुवात असते. सहीची नक्कल करणं सगळ्यात सोपं. म्हणून सहीची शाई किंवा रंग कापडाइतकाच जुना वाटतो का, कापडाच्या धाग्यांत मुरला आहे की वर बसला आहे, सालाचा मेळ चित्रशैलीशी बसतो का, हे पाहतात. गायतोंड्यांच्या बाबतीत एक ढोबळ खूण सांगता येते. १९६८ नंतर त्यांनी आडवा कॅनव्हास सोडून उभा धरला. आडव्या चित्राच्या पाठीवर सत्तरीतलं साल असेल तर पारखी थबकतो.

दुसरी गोष्ट मालकीची साखळी. चित्रकाराच्या हातून ते कुणाकडे गेलं, तिथून कुणाकडे? गॅलरीची पावती, प्रदर्शनाची छापील पुस्तिका, चौकटीवर डकवलेली चिठ्ठी, पत्र, दिवाणखान्यातल्या एखाद्या लग्नाच्या फोटोत मागे दिसणारं तेच चित्र, या सगळ्या साखळीच्या कड्या आहेत. मुंबईत गॅलरी केमोल्ड आणि पंडोल आर्ट गॅलरी या दोन्ही १९६३ मध्ये सुरू झाल्या. त्या काळातलं चित्र असेल तर अशा गॅलरीची चिठ्ठी मागे असणं स्वाभाविक. नेमक्या याच कड्या घर आवरताना रद्दीत जातात. नवी फ्रेम करताना कारागीर जुनी चौकट ‘किडकी’ म्हणून फेकतो आणि चिठ्ठी तिच्याबरोबर जाते. वडिलांची जुनी पत्रं, डायऱ्या, पावत्या चाळल्याशिवाय टाकू नयेत, हा या लेखातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा सल्ला.

तिसरी गोष्ट साहित्य. रंगांनाही जन्मसाल असतं. फ्थॅलोसायनिन निळा १९३५ च्या सुमारास बाजारात आला. रुटाइल प्रकारचा टायटॅनियम पांढरा चाळिशीच्या दशकात आला. पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग पन्नाशीच्या मध्याला आले. कापड आणि कागद जास्त पांढरे दिसावेत म्हणून घालतात ती चमकद्रव्यं युद्धानंतरची. अतिनील दिव्याखाली ती निळसर उजळतात. अशा चाचण्या ‘हे अस्सल आहे’ असं सहसा सिद्ध करत नाहीत. ‘हे त्या सालचं असूच शकत नाही’ एवढं मात्र ठामपणे सांगतात. त्याच अतिनील दिव्याखाली नंतर केलेली रंगाची डागडुजी आजूबाजूपेक्षा गडद डागासारखी उठून दिसते. इन्फ्रारेड आणि क्ष-किरण चित्राच्या पोटातले थर दाखवतात.

चौथी गोष्ट प्रकृती. निसर्गदृश्यात आभाळाच्या कोपऱ्यात पैशाएवढा रंग गेला तर जाणकार हात तो भरून काढतो आणि नजर झाडांकडे वळते. एकरंगी चित्रात नजरेला पळायला दुसरी जागा नसते. बोटभर घासलेली जागा चित्राचा मध्य होऊन बसते. त्यामुळे या प्रकारच्या चित्रांत पृष्ठभागाची प्रकृती भावावर जितका परिणाम करते, तितका इतर चित्रांत क्वचितच करत असेल.

किंमत आणि किमती

डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्टीजने भारतातला आपला पहिला लिलाव मुंबईत घेतला. त्यात गायतोंड्यांचं १९७९ चं चित्र २३.७ कोटी रुपयांना गेलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन उघडलं. २०१५ मध्ये १९९५ चं चित्र २९.३ कोटींना विकलं गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात १९७० चं चित्र ६७.०८ कोटींपर्यंत पोचलं. आकडे डोळे दिपवणारे आहेत. ज्या माणसाने जन्मभर चार भिंतींत एकांत जपला, त्याच्या नावापुढे ते लिहिताना मला अवघडल्यासारखं होतं. पण याच आकड्यांमुळे नकली चित्रंही बाजारात येतात आणि खऱ्या चित्रांची आबाळही थांबते, हे दोन्ही खरं.

आपल्या माळ्यावरच्या चित्राला हा आकडा लावता येत नाही. मूल्यमापन करणारा माणूस त्याच चित्रकाराची, त्याच दशकातली, जवळच्या आकाराची आणि तशाच प्रकृतीची चित्रं अलीकडे कितीला गेली हे शोधतो आणि तुलना करतो. लिलावाच्या पुस्तिकेतला अंदाज, हातोडा पडतो तो आकडा आणि लिलावगृहाचं कमिशन धरून खरेदीदार प्रत्यक्ष मोजतो ती रक्कम, या तीन वेगळ्या गोष्टी. वर्तमानपत्रात बहुधा तिसरी येते, विकणाऱ्याच्या हातात दुसरीतूनही काही वजा होऊन पडतं. विम्यासाठीची किंमत आणखी वेगळी: तसंच चित्र पुन्हा मिळवायला किती लागेल, तेवढी.

दोन पथ्यं पाळावीत. किंमत सांगणारा आणि विकत घेऊ पाहणारा एकच माणूस असू नये. आणि मूल्यमापनाची फी चित्राच्या किमतीच्या टक्क्यांत ठरवू नये, ठरावीक रक्कम असावी. नाहीतर आकडा फुगवण्यात त्याचा फायदा असतो.

कायद्याच्या तीन गोष्टी थोडक्यात. आयकर कायद्यात चित्र ही भांडवली मालमत्ता धरलेली आहे, घरगुती सामान नव्हे. त्यामुळे विक्रीवरच्या नफ्यावर कर लागतो. वारशाने आलेल्या चित्राला आधीच्या मालकाची खरेदी किंमत धरतात आणि ते १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरण्याची मुभा असते. जुनी पावती इथेही कामाला येते. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली राजा रविवर्मा, अमृता शेरगिल अशा नऊ चित्रकारांची कामं देशाबाहेर नेता येत नाहीत. गायतोंडे त्या यादीत नाहीत. आणि कॅनव्हास आपला झाला तरी चित्राचा स्वामित्वहक्क आपला होत नाही. तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे गायतोंड्यांच्या बाबतीत २०६१ अखेरपर्यंत टिकतो.

दुरुस्तीने घडलेली हानी

१९८६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या स्टेडलिक संग्रहालयात एका माणसाने बार्नेट न्यूमनच्या प्रचंड लाल कॅनव्हासवर सुरी चालवली. चित्र साडेपाच मीटर रुंद, जवळजवळ सगळं लाल. फाटलेलं कापड जोडून ते १९९१ मध्ये परत आलं आणि पाहणाऱ्यांनी तक्रार केली की लालाचा जिवंतपणा गेला. तपासणीत लाल भागावर रोलरने नवा रंग चढवल्याचा निष्कर्ष निघाला; दुरुस्ती करणाऱ्याने तो अमान्य केला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. सुरीच्या जखमा भरता आल्या. वरून चढलेला थर मात्र मूळ चित्रालाच झाकून बसला.

राइनहार्टच्या काळ्या चित्रांचं दुखणं याहून नाजूक. त्यांनी रंगातलं तेल जवळजवळ काढून टाकून मखमलीसारखा कोरडा काळा पृष्ठभाग मिळवला होता. त्यावर बोट टेकलं तरी ठसा उमटतो आणि जात नाही. असं एक बिघडलेलं चित्र, त्यावर आधी झालेल्या दुरुस्तीच्या थरांसकट, विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरून गुगेनहाइमला अभ्यासासाठी दिलं. संशोधकांनी लेझरने वरचा रंग उतरवण्याचे प्रयोग केले आणि २००८ मध्ये त्या अभ्यासाचंच प्रदर्शन भरवलं.

तिसरं उदाहरण आशेचं आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या जेवणाच्या दालनात १९६४ मध्ये मार्क रॉथकोची पाच मोठी चित्रं लागली. खिडक्यांतून ऊन येत होतं, आणि त्यांतला लिथॉल रेड हा लाल रंग उन्हाला टिकणारा नव्हता. पंधरा वर्षांत किरमिजी रंग उडून चित्रं फिकी निळसर झाली आणि गुदामात गेली. २०१४ मध्ये ती पुन्हा लोकांसमोर आली, पण त्यांवर नवा रंग लावला नव्हता. जिथे जितका रंग उडाला तिथे तितक्याच रंगाचा प्रकाश प्रोजेक्टरने टाकला होता. दिवा बंद केला की चित्र जसंच्या तसं. चित्राला हात न लावता केलेला हा उपचार संवर्धनाचं आजचं मन सांगतो: जे करू ते पुसता आलं पाहिजे, आणि कमीत कमी केलं पाहिजे.

वसईची हवा आणि कॅनव्हास

आषाढात आपल्याकडे डब्यातलं मीठ पाणी सोडतं, पापड सादळतात, लाकडी दारं फुगून चौकटीत अडकतात. कॅनव्हासच्या पोटात नेमकं हेच चालू असतं. सुती किंवा तागाच्या कापडावर पूर्वी आधी सरसाचा हात देत, त्यावर पांढरं अस्तर आणि मग तैलरंग. हवेतली ओल वाढली की सरस ती पिऊन ढिला पडतो, कापड सैल होऊन पोट काढतं. हवा कोरडी झाली की सरस आवळतो. जवसाच्या तेलातला रंग मात्र वयानुसार कडक झालेला असतो. तो खालच्या थराबरोबर ताणला-आवळला जात नाही, म्हणून तडकतो आणि पुढे खपल्या धरतो. विसाव्या शतकाच्या मधल्या काळातल्या अनेक रंगांत जस्ताचा पांढरा आहे. तेलातल्या आम्लांशी जस्ताचा संयोग होऊन साबणासारखी संयुगं बनतात आणि थर ठिसूळ होतो. दमट हवेत ही क्रिया वेग घेते.

किनाऱ्यावरच्या हवेत मीठ मिसळलेलं असतं. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपली हवा दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. खाडीकाठच्या मिठागरात जे पीक आहे, तेच चित्राच्या मागच्या लोखंडी चुकांवर गंज होऊन बसतं. गंज कापड खातो आणि कडेने चित्र चौकटीतून सुटायला लागतं. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीही धरते. सरस हे तिचं खाद्य, म्हणून ती बहुधा मागून सुरू होते. पुढे डाग दिसेपर्यंत पाठीवर तिचा संसार थाटलेला असतो. दर पावसाळ्यात वसईच्या किल्ल्याच्या तटावर हिरवं चढतं, ते आपण रोज पाहतो. घरातल्या पश्चिमेकडच्या भिंतीलाही तोच पाऊस झोडपतो.

जागतिक संवर्धन संस्थांनी २०१४ मध्ये सुचवलेली मर्यादा ४० ते ६० टक्के आर्द्रतेची आहे आणि दिवसभरात १० टक्क्यांहून जास्त चढउतार नको असं त्यात म्हटलं आहे. स्थानिक हवामानाचा विचार करावा, हेही त्यात आहे. वसईच्या घरात पावसाळ्यात ६० गाठणं बहुतेकांना परवडणारं नाही. पण चढउतार आवरणं आपल्या हातात आहे. रात्री आठ तास एसी आणि सकाळी खिडक्या उघड्या, मध्येच वीज गेली की पुन्हा घाम, असा दिवस चित्राला सतत दमट राहण्यापेक्षा जास्त जाचतो. एसीच्या झोतासमोर चित्र कधीच नको. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक खोलीत ठेवा आणि आकडे लिहीत जा. कुठली भिंत सगळ्यात स्थिर ते महिन्याभरात कळेल. ती बहुधा घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत असते.

घरात काय करावं, काय करू नये

चित्र भिंतीला चिकटून लावू नये. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे जाड तुकडे लावले की मागे बोटभर हवा खेळते. पाठीला आम्लविरहित पुठ्ठ्याचं किंवा पन्हाळी प्लॅस्टिकचं संरक्षण स्क्रूने बसवावं, खिळे ठोकू नयेत, आणि सही-चिठ्ठ्यांचे फोटो आधी काढून ठेवावेत. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. पुढे काच हवी असेल तर ती रंगाला टेकता कामा नये, मध्ये अंतर ठेवणारी पट्टी हवी.

तैलचित्रावर साधारण १५० ते २०० लक्स उजेड पुरतो. खिडकीतून थेट येणारं ऊन याच्या कित्येक पट असतं आणि त्याने झालेली हानी साठत जाते, भरून येत नाही. देवघराजवळ, गणपतीच्या मखराच्या भिंतीवर, नाताळात मेणबत्त्या लावायच्या कोपऱ्याजवळ किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी चित्र नको. उदबत्ती, कापूर, फोडणी यांचा तेलकट धूर एकरंगी पृष्ठभागावर राखाडी पडदा धरतो, आणि तो पडदा धुळीसारखा झटकून जात नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत हात आवरणं हेच कौशल्य. ओलं फडकं, कांदा, बटाटा, पावाचा गर, साबण, रॉकेल, जवसाचं तेल यांपैकी काहीही लावायचं नाही. निस्तेज भाग सुक्या कापडानेही घासला तर चकाकतो आणि तो चकाकणारा डाग कायमचा. खपली उठलेली नसेल तर मऊ, नव्या कुंचल्याने वर्षातून एकदा अलगद धूळ उतरवावी, तेवढंच. ‘जरा वार्निश मारून देतो, उजळेल’ असं फ्रेमवाला म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणावं. गायतोंड्यांसारख्या चित्रात चमक आणि मऊपणा शेजारी शेजारी असतात, त्या फरकातच चित्र असतं. वार्निश सगळ्यावर एकच काच चढवतं.

पालीची घाण, कसर, वाळवी यांवर डोळा ठेवावा, पण चित्राजवळ फवारणी करू नये. नॅप्थलीनच्या गोळ्याही मागे खोचू नयेत.

चित्र हलवायचं झालं तर कोरड्या दिवसांत. रंगावर थेट बबल रॅप गुंडाळलं तर त्याच्या फुग्यांचे गोल ठसे मऊ रंगावर उमटू शकतात. आधी गुळगुळीत ग्लासिन कागद, मग पुठ्ठ्याची दोन पानं, मग बाकीचं. गाडीत चित्र उभं ठेवून बांधावं. गर्दीच्या लोकलमध्ये ते नेऊ नये. गुंडाळी करण्याची वेळ आलीच, तर मोठ्या व्यासाच्या नळकांड्यावर आणि रंग बाहेरच्या बाजूला ठेवून. आत ठेवला तर तो चुरडतो.

जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून गाड्या अडकल्या होत्या, तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. ज्यांचं घर खाली आहे त्यांनी चित्र पलंगाखाली किंवा जमिनीला टेकून कधीच ठेवू नये. भिजलंच, तर आडवं, रंग वर करून, हवेशीर सावलीत ठेवावं. ऊन, हेअर ड्रायर, इस्त्री, जोराचा पंखा यांनी कापड घाईने आकसतं आणि रंग सुटतो. निघालेली खपली फेकू नये, कागदाच्या पुडीत जपावी. आणि संवर्धकाकडे जावं: मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आहे, इंटॅक या वारसा-संवर्धन संस्थेचीही केंद्रं आहेत. संवर्धकाकडून आधी प्रकृतीचा लेखी अहवाल आणि उपचारांचा प्रस्ताव घ्यावा, मगच काम सुरू करू द्यावं.

आधी पाहून या

माळ्यावरचं चित्र पारखण्याआधी एकदा डोळा तयार करून यावा. वसई रोडहून चर्चगेटची गाडी धरा. काळाघोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकोल्सन यांच्या संग्रहाची गॅलरी आहे, समोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. दोन्ही संग्रहांत गायतोंडे आहेत, मात्र प्रदर्शनं बदलत असतात, म्हणून भिंतीवर काय लागलं आहे ते आधी विचारून जावं. त्या चित्रापुढे पाच मिनिटं उभं राहा, मग एका बाजूला सरकून तिरकं पाहा. समोरून एकच वाटलेल्या पिवळ्यात किती थर आहेत ते तिथे कळतं, आणि परत आल्यावर घरातला कॅनव्हास वेगळा दिसू लागतो.

तो राखाडी कॅनव्हास गायतोंड्यांचा नसेल. बहुतेक नसेलच. जे. जे.मधून बाहेर पडलेल्या, नोकरी सांभाळून रात्री रंगवणाऱ्या, दोन-तीन प्रदर्शनं करून थांबलेल्या कितीतरी चित्रकारांपैकी कुणाचा तरी असेल. लिलावात त्याला काही हजारांवर बोली येणार नाही. तरीही राखण तीच करायची, कारण कोटींच्या चित्राकडे वातानुकूलित दालन आहे, विमा आहे, विद्वान आहेत; या चित्राकडे फक्त हे घर आहे. ते बुरशीने गेलं तर एका माणसाची कित्येक रात्रींची मेहनत कुठल्याही पुस्तकात न उरता जाईल.

म्हणून मृगाचा पाऊस लागण्याआधी एका सकाळी चित्र उतरवा. स्वच्छ चादरीवर उभं धरा. पुढून, मागून, चारही कडांचे आणि तिरक्या टॉर्चचे फोटो काढा. पुसट अक्षरं जशी दिसतात तशी वहीत उतरवा. लांबी-रुंदी, चिठ्ठ्या, तडे, डाग आणि ते आपल्या घरी कसं आलं याबद्दल आईला, आत्याला जे आठवतं ते तिच्या शब्दांत लिहा. खाली तारीख घाला. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की पुन्हा तेच करा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहा. नवा तडा दिसला तर तो याच पावसाळ्यातला, हे तुम्हाला नक्की सांगता येईल, आणि संवर्धकाला सगळ्यात आधी हेच विचारायचं असतं.